शिवेवर घेतलेला माग

त्या सकाळी मी फडक्यात मेंढीचं चीज बांधून घेतलं होतं. हम्मूला आमचं चीज आवडायचं, आणि शिवेवर भेट झाली की बदल्यात तो सुके अंजीर द्यायचा. अकरा वर्षं हा व्यवहार चालला होता. दोघांनाही वाटायचं की आपणच समोरच्याला फसवतोय.

मी तोर्रेसेका गावचा माग काढणारा, हम्मू पलीकडच्या बेनिसालचा. मधे शीव. शिवेच्या अलीकडे कास्तीलच्या राजाचं राज्य, पलीकडे ग्रॅनडाच्या सुलतानाचं. तह असो की लढाई, दोन्हीकडची माणसं एकमेकांची गुरं आणि माणसं पळवण्यात पटाईत. म्हणून आमच्या आजोबांच्याही आधीपासून एक रीत पडली आहे. कुणी नाहीसं झालं की त्या गावचा माग काढणारा पावलं बघत शिवेपर्यंत येतो आणि शिंग फुंकतो. दुसऱ्या बाजूचा माग काढणारा जातो, उमटलेल्या पावलावर हात टेकवतो आणि 'घेतला' म्हणतो. तिथून पुढे तो माग त्याच्या गावाचा. तो आपल्या हद्दीतून बाहेर गेलेला दाखवायचा, नाहीतर जितकी माणसं हरवली तितकी आपली द्यायची. माग जुना, पुसट असेल तर नाकारता येतो. एकदा 'घेतला' म्हटल्यावर मात्र नाही.

त्या दिवशी हम्मूचं शिंग ऐकून मी नाकारायला निघालो होतो.

बेनिसालचे हरवलेले सात स्वार कुठे आहेत हे मला ठाऊक होतं. गावापासून दीड तासाच्या चालीवर खारा ओढा आहे. त्याच्या काठची जमीन पांढरी, आतून पाण्यानं पोखरलेली, आणि तिथं एक खोल विवर आहे. दगड टाकला तर पडल्याचा आवाज येत नाही. सात माणसं आणि सात घोडे आम्ही त्यात ढकलले होते. त्याला नऊ दिवस झाले होते.

आम्ही म्हणजे आठ धनुर्धारी. आमची धनुष्यं लाकडी दांड्यावर आडवी बसवलेली असतात आणि तरफेनं ताणावी लागतात. बाण आखूड आणि जाड. चिलखतातून आरपार जातो, पण एक सुटला की दुसरा चढवेपर्यंत सावकाश वीस आकडे मोजून होतात. पलीकडच्या स्वारांना हे पक्कं माहीत असतं. ते आखूड रिकिबीत गुडघे वर घेऊन बसतात, हातात हलका भाला, कातड्याची ढाल. ते कधी सरळ येऊन भिडत नाहीत. येतात, भाला फेकतात आणि घाबरल्यासारखी पाठ फिरवतात. त्यांच्या मागे पायदळ धावलं की संपलं. शंभर पावलांवर ते परत वळतात आणि उघड्या मैदानात एकेकाला टिपतात. असे मेलेले मी अठ्ठावीस वर्षांत किती पाहिले ते मोजलेलं नाही. म्हणून नव्या माणसाला आम्ही पहिल्या दिवशी एकच शिकवतो. घोडा वळला रे वळला की बाण सोडायचा, विचार करायचा नाही.

त्या दिवशी तह होता. त्यांच्या ढाली पाठीला होत्या, भाले खाली होते. आम्ही ओढ्याच्या काठी झाऊच्या झुडपांत पहाऱ्याला पडलेलो. सात घोडे पाण्याशी आले आणि एकदम सगळे वळले. थोडं खाली पाणी कमी खारट आहे, तिकडे घोड्यांना पाजायला ते वळले होते. हे नंतर लक्षात आलं. माझा भाऊ नुफ्लो माझ्या उजव्या हाताला होता. त्यानं पहिला बाण सोडला, आणि एकाचा सुटला की सगळ्यांचे सुटतात. तीन फेऱ्या झाल्या. घोडे आधी, मग माणसं, हेही शिकवलेलंच. शिकारी लावतात ते मुळीचं विष आमच्याही बाणांना असतं, त्यामुळे जखमी होऊनही कुणी लांब गेलं नाही. माझे बाण कुणाला लागले ते मी पाहिलं नाही.

नंतर आम्ही जमीन झाडली आणि त्यावरून दोनशे मेंढ्या नेल्या. घरी येऊन मी हात धुतले, मसुराचं कालवण खाल्लं, झोपलो. झोप लागली. काहीतरी वाटायला हवं होतं, त्याची मी वाट पाहत होतो, पण नऊ दिवस काही वाटलंच नाही.

नुफ्लोचंही तसंच. तो माझ्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याच्या जन्माच्या वेळी आई गेली आणि मी त्याला बकरीच्या दुधावर वाढवलं. त्या गडबडीत माझं लग्न राहून गेलं ते राहूनच गेलं. या जगात माझं म्हणावं असं तेवढंच.

* * *

हम्मू शिवेच्या दगडांपाशी एकटाच उकिडवा बसला होता.

"नऊ दिवस लागले तुला?" मी म्हटलं. "म्हातारा झालास."

"गुडघे तुझे गेलेत, लोपे. माझे डोळे शाबूत आहेत." त्यानं अंजिरांची पुरचुंडी दगडावर ठेवली, पण माझ्या चीजकडे पाहिलं नाही. "सात स्वार. माझ्या बहिणीचा इद्रीस आहे त्यांच्यात. बहीण नऊ दिवस चुलीपाशी गेलेली नाही."

"माग जुना असणार."

"ये, बघ."

मी बघितलं. पहिल्यांदा वाटलं की हम्मू थट्टा करतोय. सात घोड्यांचे खूर, चालीत, एकामागोमाग. कडा धारदार होत्या. खुराच्या आतली माती अजून ओलसर, बाहेरची सुकी. असा माग फार तर तासाभराचा असतो.

"हा आजचा आहे," मी म्हटलं.

"हो."

"मग नऊ दिवस काय करत होतास?"

"हाच शोधत होतो. नव्हता. काल संध्याकाळपर्यंत इथं सशाचं पाऊल नव्हतं. आज आहे."

मी खाली बसलो आणि भराभर विचार केला. मेलेल्यांचा माग नऊ दिवसांनी उमटत नाही. तेव्हा हे दुसरेच कुणी सात. जिवंत माणसं कुठंतरी जातातच, तशी हीही आमच्या हद्दीतून कुठंतरी बाहेर पडणार. मी ते दाखवणार, हम्मू समाधानानं घरी जाणार, आणि विवरातल्या सातांची चौकशी कायमची मिटणार. देवानंच ताटात वाढून दिलं होतं. अकरा वर्षांत इतक्या खुशीनं मी हात टेकवला नव्हता.

"घेतला," मी म्हटलं.

उन्हं चांगली वर आली होती, पण माती गार लागली.

हम्मूनं सुस्कारा सोडला. मग बोटानं एक खूर दाखवला. "ही इद्रीसची घोडी. मागचा डावा पाय, आतल्या बाजूचा खिळा नाही. जायच्या आदल्या दिवशीच म्हटलं होतं त्याला, ठोकून घे बाबा, तर म्हणे मामा, घोडी माझी की तुझी?"

तो हसला. मी त्या खुराकडे बघत राहिलो. विवराच्या कडेला एका तांबड्या घोडीची तंगडी अडकली होती, ती मीच दोन्ही हातांनी उचलून आत लोटली होती. मागची डावी. खिळ्याचं रिकामं भोक माझ्या अंगठ्याखाली आलं होतं.

* * *

आम्ही निघालो. रीतीप्रमाणे हम्मू साक्षीदार म्हणून सोबत. सुरुवातीला तो काहीतरी गुणगुणत होता. नऊ दिवसांनी त्याला पहिल्यांदा आशा वाटत होती. एकीकडे मला त्याची कीव येत होती, दुसरीकडे येत नव्हती.

माग सरळ खाऱ्या ओढ्याकडे जात होता. घोडे चालीत होते, कुठं पळाले नाहीत, कुठं रेंगाळले नाहीत. वाटेत दोन ठिकाणी कोवळं गवत होतं, त्याला कुणी तोंड लावलं नव्हतं.

"लीद दिसली का रे तुला?" हम्मूनं विचारलं.

"नाही."

"सात घोडे. एकानंही नाही?"

"बेनिसालचे घोडे. तुम्ही खायला घालत असाल तर ना."

तो हसला नाही. गुणगुणणं थांबलं होतं.

ओढ्यावर मला वाटलं की इथं संपेल. इथं तो संपायलाच हवा होता. मेंढ्यांच्या खुरांनी तुडवलेली पांढरी जमीन तशीच होती. त्या मेंढ्यांच्या खुरांवर घोड्यांचे खूर उमटले होते. म्हणजे मेंढ्यांच्या नंतरचे. अगदी स्वच्छ, सातही.

"इथं मेंढ्या कशाला आणल्या होत्या?" हम्मू म्हणाला. "गवत तर नाही."

"मेंढ्यांना विचार."

"विचारलं असतं. पण तुमच्या गावच्या त्या, खोटं बोलतील."

पाण्याशी सातही घोडे एका ओळीत उभे राहिले होते. तोंडं पाण्याकडे नव्हती, झाऊच्या झुडपांकडे होती. बराच वेळ उभे असावेत, कारण उभ्या घोड्याचे खूर जरा रुततात. मग ते झुडपांपाशी गेले होते आणि तिथं त्यांनी एक सावकाश फेरी घातली होती.

हम्मू झुडपांत शिरला. मी बाहेर थांबलो. तो आत बराच वेळ होता. बाहेर आला तेव्हा त्यानं माझ्याकडे न बघता कपड्यांवरची काटकी झटकली.

"आठ जण पालथे पडले होते इथं," तो म्हणाला.

"पहारा असतो."

"असतो."

त्यानंतर गावापर्यंत तो माझ्या दोन पावलं मागून चालला. त्याला कळलं होतं. मला कळलं होतं की त्याला कळलंय. तरी माग पुढं जात होता आणि आम्ही दोघं त्याच्यामागून जात होतो, कारण दोघांनाही दुसरं काही येत नव्हतं. विवर डाव्या हाताला राहिलं. मागानं तिकडे वळण घेतलं नाही. मीही तिकडे पाहिलं नाही.

ओढ्याच्या पुढं प्रत्येक खुराजवळ पाण्याचे थेंब पडलेले होते. पायांवरून निथळलेलं पाणी. त्या उन्हात पांढऱ्या मातीवरचा थेंब शंभर आकडे मोजेपर्यंतही टिकत नाही. मी मान वर केली. समोर गावाच्या भिंतीपर्यंत उघडं मैदान होतं, एक झाड नाही. त्यावर कुणीही नव्हतं. मी पुन्हा खाली पाहिलं, तर माझ्या पुढच्या पावलाशी एक थेंब सुकत होता.

वेशीवरचा पहारेकरी पाव आणि कांदा खात बसला होता.

"कोण आलं का आत?" मी विचारलं.

"सकाळपासून एक पाद्री आणि दोन गाढवं," तो म्हणाला. "म्हणजे तीन गाढवं."

माग त्याच्या मांडीपासून हातभर अंतरावरून आत गेला होता.

हम्मू वेशीबाहेर थांबला. रीतीप्रमाणे त्याला आत येता येत नाही. "उद्या सकाळी शिवेवर," तो म्हणाला. "बाहेर पडलेला माग, नाहीतर सात माणसं." मग तो जरा घुटमळला. "लोपे, तू बघितल्याशिवाय कसा घेतलास?"

"बघूनच घेतला," मी म्हटलं.

* * *

गावात माग फुटला.

गल्ल्या मातीच्या, दिवसभर लोकांची ये-जा. इतर कुणाला त्या धुळीत काही दिसलं नसतं. मला दिसत होतं. एक घोडा चांभार पास्कुआलच्या घराकडे वळला होता. उंबऱ्यापाशी, दाराकडे तोंड करून, चार खूर. तिथून परत फिरलेला नव्हता. त्याच उंबऱ्यावर पास्कुआलचं कुत्रं झोपलं होतं. आत पास्कुआल जोड्याच्या तळाला टाके घालत होता. ओढ्यावर तो माझ्या डाव्या हाताला होता.

पुढं जुळ्या भावांचं घर. तिथं दोन घोडे, शेजारी शेजारी. तेही आमच्यातले.

मग मला पुढची घरं माहीत होती. तरी मी एकेक जाऊन पाहिलं. चौथा घोडा, पाचवा, सहावा. सगळीकडे तसंच. दाराकडे तोंड, आणि परतीचा खूर नाही. सातवा घोडा खाली तेलाच्या घाण्याच्या गल्लीत गेला होता. तिथं दोनच घरं धनुर्धाऱ्यांची. एक माझं, एक नुफ्लोचं.

माझ्या दारात मी गुडघ्यांवर बसून पाहिलं. कोंबड्यांची पावलं होती. दुसरं काही नव्हतं. आठ जण आणि सात घोडे, हा हिशेब मला तेव्हा पहिल्यांदा समजला, पण त्यातून मीच का सुटलो ते आजपर्यंत समजलेलं नाही.

नुफ्लोच्या दारात ती घोडी उभी राहिली होती. मागचा डावा पाय, आतला खिळा नाही.

दार उघडं होतं. नुफ्लो बाकावर बसून धनुष्याच्या तरफेला चरबी लावत होता. त्याची बायको मेन्सिया कणीक मळत होती.

"कुणी आलं होतं का?" मी विचारलं.

"नाही, दादा," नुफ्लो म्हणाला.

"भावजी, तुम्ही तरी सांगा ह्यांना काही," मेन्सिया म्हणाली. "काल कालवणात दोनदा मीठ पडलं माझ्याकडून. वाटी चाटून खाल्ली. नुसतं 'छान' म्हणाले. त्यापेक्षा ओरडले असते तर बरं वाटलं असतं. आणि सकाळपासून घर एवढं गार का पडलंय? चूल पेटलेली आहे."

"दार लावून घे," मी म्हटलं.

बाहेर पडताना मी उंबऱ्यासमोरचे चारही खूर पायानं पुसले. माती सारखी केली. वर थोडा भुसा टाकला.

आमचे किल्लेदार बेल्त्रान हे समजूतदार गृहस्थ. त्यांनी मला बसायला सांगितलं, पाणी दिलं, ओढ्यावर काय झालं ते विचारलं नाही. त्यांना विचारायचंच नव्हतं.

"माग बाहेर गेलाय?" एवढंच विचारलं.

"नाही, सरकार."

"मग कुठाय?"

"सात जणांच्या दारांपाशी थांबलाय."

त्यांनी दाढी खाजवली. बरं वाटलेलं त्यांना लपवता आलं नाही. चिठ्ठ्या टाकून सात माणसं निवडायची म्हणजे अर्धं गाव अंगावर आलं असतं. "म्हणजे मागानंच ठरवलं. बोल, कुणाची घरं?"

मी सहा नावं सांगितली. ती माणसं लहानपणापासून माझ्या ओळखीची, त्यांतल्या चौघांना धनुष्य धरायला मी शिकवलं होतं. नावं घेताना काही वाटेल असं वाटलं होतं, तेही वाटलं नाही.

"आणि सातवं?"

"माझं."

"तुझ्याच तोंडून? काय लोपे, वेड लागलंय का? तू सांगशील ते मला मानावं लागतं. दुसऱ्याला वाचता येत नाही."

"म्हणूनच खरं सांगतोय," मी म्हटलं.

नुफ्लो सुटला होता. मला मोकळं वाटलं. त्या नऊ दिवसांत मला वाटलेली ती पहिली गोष्ट.

* * *

रात्री सडकून पाऊस झाला, सकाळी थांबला. शिवेपर्यंतची वाट म्हणजे नुसता लोण्यासारखा चिखल. एका दोरात सात जण, मी सगळ्यांत पुढं. मागं पास्कुआल, जुळे, आणि बाकीचे तिघं. कुणी रडलं नाही, शिव्याही दिल्या नाहीत. पास्कुआलनं एकदाच विचारलं, "लांब आहे का रे अजून?" जणू जत्रेला चाललो होतो. किल्लेदार घोड्यावर होते, दोन्ही बाजूंनी दोन भालेकरी. नुफ्लोला मी घराबाहेर पडू नकोस म्हणून बजावलं होतं.

हम्मू दगडांपाशी उभा होता. त्यानं आमच्या तोंडांकडे पाहिलं नाही. तो आमच्या मागच्या वाटेकडे बघत होता.

"मोजून घे," किल्लेदार म्हणाले. "सात आहेत."

हम्मूची नजर वाटेवरच होती.

"अरे, घे म्हणतोय ना."

"लोपे," हम्मू हळूच म्हणाला, "मागं बघ."

मी वळलो.

चिखलात किल्लेदारांच्या घोड्याचे खूर होते. दोन्ही बाजूंना भालेकऱ्यांची पावलं होती, घोट्यापर्यंत रुतलेली. मधोमध माझी पावलं होती. उजवा पाय जरा बाहेर पडतो, तसाच पडलेला.

माझ्या मागून सहा माणसं चालत आली होती. ती दोराला धरून उभी होती. त्यांचं एकही पाऊल नव्हतं.

मी त्यांचे जोडे पाहिले. कोरडे होते.

किल्लेदारांना काही दिसलं नाही. ते डोकी मोजत होते.

"हा त्यातला नाही," हम्मू माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "सातवा कुठाय?"

"मीच सातवा," मी म्हटलं.

"अकरा वर्षं तुझी पावलं बघतोय मी, लोपे. तू नाहीस."

"मीच आहे. मला घे. हम्मू, तुझ्या पाया पडतो, मला घे."

तो माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होता.

"दादा!"

वाटेवरून नुफ्लो धावत येत होता. हातात माझा लोकरीचा डगला. "अरे, विसरलास हा. परत पाऊस येईल." तो हसत होता. लहानपणी ओढ्यावरून यायचा तसाच, मान एका बाजूला टाकून.

तो त्या चिखलातून धावत आला, आणि त्याच्या मागचा चिखल कोरा होता.

तेवढा वेळ मला सगळं वाटलं. दहा दिवसांचं सगळं, एकदम. मी ओरडलो असेन, कारण किल्लेदारांचा घोडा बिचकला.

नुफ्लोनं डगला माझ्या खांद्यांवर टाकला. हम्मूनं माझ्या मनगटावरचा फास सोडवला. कुणी काही सांगितलं नव्हतं, तरी नुफ्लोनं त्या रिकाम्या फासात आपला हात घातला आणि ओळीत जाऊन उभा राहिला.

"नुफ्लो," मी म्हटलं, "घरी जा. मेन्सिया वाट बघतेय."

"हो, दादा," तो म्हणाला. पण हलला नाही.

हम्मू खाली बसला. हात टेकवायला पाऊल नव्हतं. त्यानं नुसत्या चिखलावर हात टेकवला.

"घेतले," तो म्हणाला.

तो पुढं झाला. ते सात जण त्याच्यामागून दोन दगडांच्या मधून पलीकडे गेले. मला धावता आलं असतं, कुणी धरलेलं नव्हतं. पाय उचललाच नाही. ते चढावरून पलीकडे दिसेनासे होईपर्यंत मी तसाच उभा होतो.

किल्लेदारांनी घसा साफ केला. "बघ आणि सांग. तुला सांगावं लागतं."

मी दगडांपाशी गेलो आणि पलीकडच्या मातीवर वाकलो.

"माग बाहेर गेला," मी म्हटलं.

"किती?"

"सात घोडे. चालीत."

"घोडे कुठून आले?" ते वैतागले. "माणसं विचारतोय मी. माणसं किती?"

मी पुन्हा वाकून पाहिलं. माणसाचं पाऊल तिथं एकाचंच होतं, हम्मूचं.